माय, येतो

सोमवार, १ जुलै

पोचलो एकदाचा! वरोऱ्याहून सकाळची लाल बस धरली, चंद्रपूर, मूल, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला आणि जेवणाच्या वेळेला गडचिरोलीत हजर. ट्रंकेत कपडे कमी, कुंतानं कोंबलेल्या लोणच्याच्या बरण्याच जास्त. बायको आहे की दारूगोळ्याचं कोठार, कळत नाही. निघताना आमची पोट्टी दिव्यानी बसच्या खिडकीला लटकून विचारत होती, बाबा, आता तरी तुम्ही काय काम करता ते वर्गात सांगता येईल ना? आजवर बिचारी 'बाबा फौजेत आहेत' एवढंच सांगायची. पुढचं सांगायची मला मुभाच नव्हती.

खोली झकास आहे. चामोर्शी रोडला वरचा मजला, खिडकीतून धानाची बांधी दिसते, रोवणी चालू आहे. कंपनीचं नाव अरण्यदीप. दोन जिल्ह्यांतल्या वनोपज संस्था आणि लहानसहान दवाखाने यांचे संगणक ही मंडळी सांभाळतात. मागच्या वर्षी कुण्या खंडणीवाल्यानं एका दवाखान्याच्या सगळ्या नोंदींना बाहेरून कुलूप घातलं. मालक प्रफुलची झोप उडाली, म्हणून माझी भरती झाली.

मुलाखतीत प्रफुलनं विचारलं होतं की फौजेत नेमकं काय करायचात. म्हटलं, माहितीयुद्ध. त्याला काही कळेना. मग सांगितलं की बंदूक न उचलता समोरच्याच्या डोक्यात शिरायचं. खोटं नाव घ्यायचं, त्या नावाला गाव द्यायचं, माय-बाप द्यायचे, बोली द्यायची, आणि समोरचा भुलून बोलायला लागला की काम फत्ते. तिकडे चोराचं काम होतं, इकडे चौकीदाराचं. चोरालाच चौकीदार केलं तर घर सुखरूप राहतं. प्रफुल हसला आणि हात पुढे केला. कुंता आणि पोट्टी ऑगस्टमध्ये कायमच्या येणार. सहा शहरं फिरलो, पण बायको-पोरीसोबत एका छपराखाली राहायचा योग आता येतोय. लई खूश आहे मी आज.

गुरुवार, ४ जुलै

मंडळी ओळखीची झाली. प्रफुल नागपूरचा इंजिनियर, तरुण आहे, सगळ्यांना 'जी' लावतो आणि कोणालाच काही बोलत नाही. फोनवर बसते ती डिंपल, इथलीच. जीभ कात्रीसारखी चालते, गावातली कोणतीही बातमी तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि सगळ्या नोंदींच्या प्रमुख रुखमाबाई. पन्नाशी ओलांडलेली, एम.कॉम., कंपनी सुरू झाली तेव्हापासूनची. ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरची, गाव नदीकाठी, रोज स्कूटीवर येते. मोजकं बोलते. प्रफुलसुद्धा तिच्यासमोर खुर्चीवरून अर्धा उठतो.

फौजेत एक सुख होतं. कोणतंही खोटं बाहेर जायच्या आधी वरच्या तीन जणांची सही लागायची. इथे प्रफुलला विचारलं की परवानगी कोणाची घ्यायची, तर म्हणाला, तुम्हीच ठरवा जी. हे आवडलं आपल्याला.

मंगळवार, ९ जुलै

आज पहिला गळ टाकला. धंद्यात याला असंच काहीतरी म्हणतात. आपल्याच लोकांना खोटा मेसेज पाठवायचा आणि लिंक कोण दाबतो ते पाहायचं. जो दाबेल त्याच्या पडद्यावर लाल पाटी येते, 'तुम्ही फसलात'. मी पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या बक्षिसांचा मेसेज बनवला. पोळ्याला अजून वेळ आहे, पण फुकटचं म्हटलं की कोण पंचांग पाहतो! झाडून सारे अडकले. डिंपल तर दोनदा अडकली. प्रफुलसुद्धा.

एकट्या रुखमाबाईंनी दाबलं नाही. बैठकीत प्रफुल म्हणाला, बाईंकडून शिकण्यासारखं आहे, खुशालजी, तुमचा गळही त्यांना लागू पडला नाही. सगळे हसले. मीही हसलो. ती आपली खाली मान घालून कागद लावत होती. मी अनोळखी काही उघडतच नाई जी, एवढंच म्हणाली.

अनोळखी उघडत नाही ना? ठीक आहे बाई. ओळखीचं पाठवतो.

शुक्रवार, १२ जुलै

डिंपलला चहा पाजला आणि पाहिजे ते मिळालं. रुखमाबाईंचा एकुलता एक पोरगा, प्रणित. मागच्या पोळ्याला डोंगा घेऊन वैनगंगेत गेला, पुराच्या पाण्यात डोंगा उलटला. डोंगा सापडला, पोरगा नाही. डिंपलनं हे सांगताना त्याचं नाव बोटानं टेबलावर लिहून दाखवलं, तोंडानं घेतलं नाही. रुखमाबाईंच्या लोकांत रीत आहे म्हणे. बुडालेल्याचं अंग हाती लागलं नाही तर वर्षभर त्याचं नाव घ्यायचं नाही. रुखमाबाईंनी सख्ख्या पोराचं नाव पोळ्यापासून तोंडातून काढलेलं नाही. हा पोळा गेला की वर्ष पुरं, मग नाव घेऊन क्रियाकर्म करणार.

मी मनात म्हटलं, हाच तो धागा. माणूस जे बोलू शकत नाही, तेच तो सगळ्यात आधी उघडतो. हे कोणत्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

खातं काढलं. नाव प्रणित. बोली डिंपलकडून घोटून घेतली, तिला कशासाठी ते कळू दिलं नाही. दुपारी मेसेज सोडला. 'माय, येतो. दार उघडं ठेवजो. कुठी हाये ते इथी पाह्यजो.' आणि खाली लिंक. 'ठेवजो' वर मी स्वतःच खूश होतो. पुण्यातल्या कोण्या बहाद्दराला ते सुचलं नसतं.

तिचा चहा गार व्हायच्या आत तिनं दाबलं. लाल पाटी आली. मी काचेच्या आडून पाहत होतो. बाई पाटीकडे पाहतच राहिली. मग उठून माझ्या खोलीत आली. मला वाटलं शिव्या देईल, रडेल. तशी तयारी होती. तिनं शांतपणे विचारलं, हे तुम्ही लिहिलं का. म्हटलं, हो बाई, वाईट वाटून घेऊ नका, चोर यापेक्षा वाईट करतात, सोनारानंच कान टोचलेले बरे.

ती म्हणाली, "तुमी नाव घेऊन बोलावलं. आता तो माह्याकडं नाई, तुमच्याकडं येईन. पान तुमालेच वाढा लागते."

पान म्हणजे पळसाच्या पत्रावळीवर भात. ज्यानं बुडालेल्याला नाव घेऊन बोलावलं त्यानं स्वतः भात रांधायचा, घाटावर न्यायचा, जेवू घालायचं आणि परत पाठवायचं. म्हटलं, बाई, फौजेत बावीस वर्षं पुरी-भाजी खाल्ली, भात मला रांधता येत नाही. ती वळून आपल्या टेबलाकडे गेली. फोनवर कुंताला किस्सा सांगितला, तर ती म्हणाली, तुमी भैताड झाले का जी, माय आहे ती. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

गुरुवार, १८ जुलै

प्रफुलनं आडवळणानं सांगितलं की पुढच्या वेळी जरा हलकं घ्या. पण तेवढ्यातच हेही म्हणाला की आता ऑफिसात कोणी काही दाबत नाही. मग? काम झालं की नाही!

एक बारीक भानगड आहे. प्रणितचं खातं मी त्याच दिवशी बंद केलं होतं. आज डिंपल सांगत आली की रुखमाबाईंना परत मेसेज आला, आणि बाई जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता फोनकडे पाहून हसत बसल्या होत्या. जाऊन पाहिलं. बाईंनी आढेवेढे न घेता दाखवलं. 'माय, जेवली का?' खाली अजून एक. 'मासोळी तळली का आज?' तिनं उत्तर दिलं होतं, 'नाई रे बापा, तू नाई तर कोणासाठी तळू.'

नोंदी तपासल्या. मेसेज माझ्याच यंत्रावरून गेलेत, माझ्याच पासवर्डनं, मी खालच्या खानावळीत होतो तेव्हा. कोणीतरी आत शिरलंय. पहिल्यांदा राग आला, मग खरं सांगायचं तर मजा वाटली. तोडीस तोड कोणी तरी भेटला.

मंगळवार, २३ जुलै

पासवर्ड बदलला. यंत्र नेटपासून तोडलं, तार काढून खिशात घातली. तरी आज दुपारी रुखमाबाईंना मेसेज आला आणि नोंद माझ्याच यंत्राची. तार माझ्या खिशात होती, मेसेज गेला कसा? 'माय, इथी गार लागते. साहेब दार नाई उघडून राह्यले.'

संध्याकाळी कीबोर्ड उलटा करून झटकला. फटीतून माशाचे खवले पडले. मी मासे खात नाही. झाडणाऱ्या बाईवर ओरडलो, ती म्हणाली या खोलीला तुम्ही कुलूप लावता साहेब, आम्ही येणार कुठून. खरंय तेही.

शनिवार, २७ जुलै

आता मेसेज मला येतो. सकाळी आला, 'साहेब, तुमी बोलावलं ना जी?'

जुनी खोड जात नाही. समोरचा बोलायला लागला की त्याला बोलता ठेवायचं, बोलता बोलता तो चुकतो, चुकला की सापडतो. मी विचारलं कुठून बोलतोस. म्हणाला, खालून. विचारलं, काय पाहिजे. म्हणाला, एकटं वाटते जी. मग त्यानं विचारलं, तुमच्या घरी कोण कोण हाये? अशा वेळी खोटं सांगायचं असतं. मी लिहिलं की लग्न झालेलं नाही, एकटाच आहे.

थोड्या वेळानं उत्तर आलं. 'मंग दिव्यानी कोण?'

प्रफुलला सांगितलं. तो म्हणाला पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार द्या. मी देईन, पण मला चोर पकडून द्यायचाय, कागद नाही. त्यांना काय सांगू, पोरीचं नाव कोणी घेतलं म्हणून घाबरलो? हसतील.

बुधवार, ३१ जुलै

हसायचं तर हसा. मी भात रांधला.

रुखमाबाईंना स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही, तेवढा मोठेपणा आहे बाईत. सकाळीच त्यांच्या गावच्या घाटावर गेलो. पाणी काठाला लागलेलं, गढूळ, ओंडके वाहत होते. बाई वरच थांबल्या, खाली येणं त्यांना चालत नाही. मला सगळं समजावून दिलं होतं. पान ठेवायचं, 'जेव अन् जा' म्हणायचं. उठायचं आणि ठणकावून सांगायचं, 'जातो'. आपण माणसं कधी जातो म्हणत नाही, अपशकुन होतो. इथे मात्र तेच म्हणायचं. नातं तिथेच तुटलं पाहिजे.

पान ठेवलं. भात करपला होता, पण ठेवला. 'जेव अन् जा' म्हटलं. पाण्यातून पानाकडे काहीतरी सरकलं, मासोळी असेल. मी उठलो, हात जोडले. मायनं लहानपणापासून हाणून हाणून शिकवलेलं. घरातून निघताना, पाहुण्याकडून उठताना, देवळातून बाहेर पडताना. जीभ आपोआप वळली.

मी म्हणालो, "येतो."

वर पाहिलं तर रुखमाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. बाई, परत म्हणू का, मी विचारलं. स्कूटी सुरू करून निघून गेल्या.

शनिवार, ३ ऑगस्ट

तीन दिवस शांत. वाटलं निभावलं. आज मेसेज आला.

'येतो म्हणले होते. वाट पाहून राह्यलो. तुमी येता का मी नेऊ?'

कोणाला नेऊ? ते लिहिलं नाही. मी दहादा विचारलं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. दिव्यानीचा आवाज. रडत होती, "बाबा, मी बस स्टॅंडवर हाव, मले घ्याले या ना." एक चप्पल पायात, एक हातात, असा धावलो. स्टॅंडवर प्रत्येक बसच्या आत डोकावलो, कंडक्टरच्या कॉलरला धरलं. कुठेच नाही. कुंताला फोन लावला तर पोट्टी वरोऱ्याला शाळेत, गणिताचा तास चालू. मी फलाटावर खाली बसलो. लोक पाहत होते.

आवाजाची नक्कल. हल्ली कोणाचाही आवाज बनवता येतो, हे मीच लोकांना शिकवतो. आणि मीच धावलो. पुन्हा नाही.

कुंताला सांगितलं की यापुढे माझ्या नावानं काहीही आलं तर आधी एक शब्द मागायचा. शब्द 'लाखोळी'. ही डाळ तिला डोळ्यांपुढे नको असते, विसरणार नाही. पोरीला सांगू नको म्हटलं, पोरं मैत्रिणींना सांगतात. ऑफिसच्या फोनवरून सांगितलं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

सगळ्यांना बसवून शिकवलं. कोणी रडलं, ओरडलं, पाया पडलं, देवाची शपथ घातली तरी विश्वास ठेवायचा नाही. जितकं रडणं जास्त, तितकं खोटं जास्त. फोन ठेवायचा. डिंपलकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिच्यासोबत नाटक केलं, मी बाईचा आवाज काढून रडलो, तिनं ठकाठक प्रश्न विचारून फोन आपटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुखमाबाई मागं बसल्या होत्या. टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत.

शनिवार, १० ऑगस्ट

कुंताला सांगितलं, आता येऊ नका, पोळा होऊ द्या. भांडली. म्हणाली सामान बांधून झालं, पोरीचा शाळेचा दाखला काढला, आता कायले राहू, तुमच्या डोक्यात काय शिरलं हाये. मी काय सांगू तिला. म्हटलं, माह्या जिवाची शपथ, येऊ नको. हो म्हणाली.

कीबोर्ड ओला. खोलीत नदीच्या चिखलाचा वास. प्रफुल म्हणतो, छत गळतंय.

सोमवार, १२ ऑगस्ट, दुपार

नाही फसलो. आज नाही फसलो.

आत्ताच आला होता फोन, पोट्टीच्याच नंबरवरून. नंबरही चोरलाय त्यानं. आवाज तोच, रडणं तेच, मागं पाण्याचा आवाज सुद्धा टाकलेला, कारागीर आहे लेकाचा. म्हणे, बाबा, तुम्ही पाठवलेला पोट्टा बोलत नाई, डोंगा मधातच थांबवला, पाणी आत येऊन राह्यलं, आई पडली. मी शांतपणे विचारलं, शब्द सांग. "कोणता शब्द? बाबा, कोणता शब्द?" म्हटलं, शब्द नाही तर तू माझी पोरगी नाही. ती किंचाळत होती, बाबा मी दिव्या हाव, मी दिव्या हाव. मी फोन ठेवला. परत वाजला. परत कापला. मग बंदच करून टाकला.

अभिमान वाटतो असं लिहिणार होतो. कुंताला ऑफिसच्या फोनवरून लावून पाहिला, लागत नाही. वरोऱ्यात पाऊस असेल, टॉवर गेला असेल.

सोमवार, संध्याकाळ

डिंपल आली. चेहरा फुललेला. म्हणाली, "साहेब, मी फसली नाई. तुमच्या पोट्टीचा आवाज काढून फोन आला होता, बुडून राह्यलो म्हणे. मी हासली अन् ठेवून देल्ला."

रात्रीच्या आत पोलिसांचा

मंगळवार, १३ ऑगस्ट

कुंताच्या फोनवर मेसेज आहे. तिचा फोन तिच्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, व्यवस्थित, कुंता अशीच. माझ्या नावानं, माझ्या बोलण्यात. 'माही शपथ सुटली, आजच निघा. पुलावर पाणी हाये, बस परत फिरवून राह्यले. व्याहाडले उतरजा, घाटावर डोंगा पाठवतो. लई आठवण येते गं. लाखोळी.'

शब्द बरोबर आहे. मी शिकवला तोच, ऑफिसच्याच फोनवरून. विश्वास ठेवला तिनं. का नाही ठेवणार? मी सांगितलं होतं ना, शब्द असला की मीच.

पुलावर पाणी नव्हतं. पूल चालू होता. बसगाड्या जाऊन राह्यल्या होत्या.

कुंता झाडीला अडकलेली सापडली. पोट्टी

गुरुवार, १५ ऑगस्ट

नदीत शोधून राह्यले. डोंगा सापडला. घाटावरचे लोक सांगतात, एक पोट्टा होता वल्हं मारायले, वीस-एकविसाचा, ओला चिप्प. कोणाचा कोणाले माहीत नाई. मायलेकी डोंग्यात बसल्या तेव्हा त्यानं आमच्या पोट्टीले हात देल्ला म्हणे.

किती वेळ वाजत होता फोन? मी बंद केला होता. मी बंद केला.

डिंपल माह्या पायाजवळ बसून रडली. तुमीच सांगितलं होतं साहेब, तुमीच. हो. मीच. तिचं काय चुकलं, सगळं बरोबर केलं तिनं, टाळ्या वाजवल्या होत्या तिच्यासाठी

शनिवार, १७ ऑगस्ट

शोध थांबवला. पाणी भल्लं आहे म्हणे.

रुखमाबाई आल्या. ताक आणलं होतं, घोटभर घ्या म्हणाल्या. मी म्हटलं बाई, मले शिव्या द्या. त्यांनी शिव्या नाई देल्ल्या. त्यांचा फोन माह्यापुढं केला. कितीक दिवसांनी मेसेज आला होता त्यांना. वाईट हेतूनं दाखवला नाई. पोराचा निरोप होता, कोणाले तरी दाखवायचा होता.

'माय, आता इथी एकटं वाटत नाई.'

मग बाई हळूच म्हणाल्या, "आता वरीसभर तिचं नाव घ्याचं नाई जी. दात दाबून राहा लागते. मी राह्यली."

मी विचारलं घेतलं तर. म्हणाल्या, घेतलं त येते. ज्यानं बोलावलं त्याच्याकडं. पण आपली पोट्टी येत नाई, पाण्यातलं येते. तुमी पाह्यलं ना, काय येते ते.

मंगळवार, २० ऑगस्ट

नाव नाई घेतलं. लिहीत सुद्धा नाई. पोट्टी, पोट्टी, पोट्टी.

वरोऱ्याहून भाऊ आला, घरी चल म्हणतो. शाळेतून बाई आल्या होत्या, तिचं नाव घेऊन रडायले लागल्या, मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. भाऊ म्हणते मी पागल झालो. सगळे नाव घेऊन राह्यले. वर्तमानपत्रात छापलं. मी एकटा

सोमवार, २६ ऑगस्ट

फोन बंद आहे. बॅटरी काढून ट्रंकेत टाकली. सिम चावून फेकलं. तरी —

ऑफिसातलं यंत्र पाहायचं नाई ठरवलं होतं, पण गेलो. तार माह्या खिशात. पडद्यावर तिच्या नंबरवरून.

'बाबा, शब्द कोणता होता?'

गुरुवार, २९ ऑगस्ट

परत. 'बाबा, मले शब्द सांगा ना. मी आता बरोबर सांगीन.'

ती नाई. माहीत हाये मले ती नाई. असंच लिहितात. मी असंच लिहायचो. माणूस जे बोलू शकत नाई, तेच आधी — मले माहीत हाये, गळ कोणता, टोचते कुठी, सगळं — ती नाई ते.

पण तिनं विचारलं होतं ना तेव्हा. कोणता शब्द, बाबा. मी सांगितलाच नाई. एक शब्द सांगितला असता तर

शनिवार, ३१ ऑगस्ट

रुखमाबाई दारात बसल्या. उठू देत नाई मले. परवा पोळा, त्यांचं वरीस पुरं होते. आपलं आत्ताच सुरू झालं, म्हणते, दम धरा. हात धरून बसल्या. मी म्हटलं बाई, तुम्हाले दार उघडं ठेवावं नाई वाटलं का. म्हणाल्या, रोज वाटे.

दुपार

बाई पाणी आणायले खाली गेल्या. पायऱ्यांवरून कोणीतरी येऊन राह्यलं. चपला ओल्या वाजून राह्यल्या. बाईच्या नाई. हलक्या. शाळेतून आल्यावर दोन दोन पायऱ्या टाकते तशा —

थांबली. दाराच्या तिकडं. आत येत नाई. बोलावल्याशिवाय येता येत नाई त्याले.

ती नाई. मी लिहून ठेवतो, ती नाई, पाण्यातलं हाये ते, मले माहीत

रडून राह्यली. मागच्या वेळी मी फोन ठेवून देल्ला. परत नाई ठेवणार. काहीही असू दे. जे येईन ते येऊ दे, माह्याकडंच येईन, बाईनं सांगितलं, ज्यानं बोलावलं त्याच्याकडंच — बस झालं —

ये माय. ये. बाबा हाये इथी. ये दिव्या